गंधाचें आमंत्रण आणि अनाहूत पाहुणे

लोणच्यासाठीं मोहरी फेसूं लागलें कीं तिची झणझण नाकांत शिरते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं कोणास नाहीं? कोरड्या दाण्यास तो उग्र वास नसतो. दाणा भरडून ओला झाला म्हणजे त्यांत निराळीं असलेलीं द्रव्यें एकत्र येतात व तें तिखट तेल उत्पन्न होतें. वनस्पतीचें हें संरक्षणाचें शस्त्र होय. तेंच शत्रूस वाटाड्या कसें झालें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

फुलांचे रंग, गंध व मध यांचा कीटकांशीं असलेला संबंध स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकानें १७९३ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगोपांग मांडिला. समकालीनांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. त्याचें महत्त्व पुढें डार्विननें ओळखिलें. परंतु फुलाच्या निमंत्रणास येणारे सगळेच पाहुणे यजमानाचें हित करीत नाहींत.

युरोपांत मोहरीच्या कुळांतील, पिवळ्या फुलांचें एक गळिताचें पीक विस्तीर्ण प्रमाणावर होतें. फॅब्रिशियसनें १७७५ सालीं ज्याचें शास्त्रीय वर्णन केलें, तो दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा काळसर, चकचकीत भुंगेरा या पिकाचा वैरी. हिवाळा मातींत व पालापाचोळ्यांत काढून तो वसंतांत बाहेर पडतो, नाना फुलांचे पराग खातो आणि हवा उबदार झाली म्हणजे या शेतांकडे वळतो. फुलें उमललेलीं असल्यास पराग त्यास आयते मिळतात व हानि थोडी होते. कळ्या मिटलेल्या असल्या, तर मात्र परागासाठीं तो कळीच पोखरतो. ती गळते, आणि शेंगेच्या जागीं नुसता देंठ उरतो.

फूल उमलण्यापूर्वींच त्याला शेताचा सुगावा कसा लागतो? ॲम्स्टरडॅमच्या व्हेर्शाफेल्टनें १९१० सालीं दाखविलें कीं, कोबीवरील सुरवंट एरवीं न शिवणारीं पानेंहि मोहरीच्या कुळांतील वनस्पतींच्या रसानें माखल्यास खाऊं लागतात. पुढें इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील संशोधकांनीं तिखट तेलाच्या जातीचीं द्रव्यें पिवळ्या सापळ्यांत ठेविलीं, तेव्हां हे भुंगेरे अधिक संख्येनें सांपडले. म्हणजे वनस्पतीची तिखट ढालच तिचा ठावठिकाणा सांगत होती!

शेतकऱ्यानें विषारी फवारे मारून पाहिले. पण १९९९ सालीं फ्रान्समध्यें पायरेथ्रॉइड वर्गांतील औषधांस न जुमानणारे भुंगेरे आढळले. मग अभ्यासकांनीं शत्रूची युक्ति शत्रूवरच उलटविली. मुख्य शेताच्या कडेनें सलगमाच्या जातीचें, लवकर फुलणारें पीक लाविलें असतां भुंगेरे तिकडे ओढले जातात. हा उपाय सर्वत्र परवडेल असें नव्हे. तरी त्याची दिशा आम्हांस शहाणपणाची वाटते. विषास सरावणारा शत्रु विषानें किती दिवस आवरणार? त्याची आवड ओळखून तीच त्याची वाट बदलण्यास वापरावी, हा धडा त्या इवल्याशा कीटकानें मनुष्यास दिला आहे.