पेनिसिलिन ढवळणारी पाती

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. जंतुसंसर्गानं मरणाच्या दारात पोचलेला माणूस काही दिवसांत सुधारू लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून काढून पुन्हा दिलं, तेही पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला.

पेनिसिलिनची बुरशी हवेवर जगते, म्हणून तेव्हा ती उथळ भांड्यांत, द्रवावर सायीसारखी वाढवत. जास्त औषध हवं, तर जास्त भांडी मांडा! आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'स्केल होत नाही' म्हणतो, ते हेच.

यावर उपाय म्हणजे बुरशी खोल टाकीत बुडवून वाढवणं. फायझरनं ब्रुकलिनमधल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात १४ टाक्या बसवल्या, प्रत्येकी सुमारे २८,००० लिटरची. मार्च १९४४ मध्ये उत्पादन सुरू झालं.

पण बुडालेल्या बुरशीला हवा कशी द्यायची? खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तळातून हवा सोडली, तर मोठे बुडबुडे सरळ वर निघून जातात. ते फोडायला फिरती पाती लागतात. यासाठी पुढे रूढ झालेला इम्पेलर रश्टन यांच्या नावानं ओळखला जातो : आडवी चकती आणि तिच्या कडेला सहा सपाट, उभी पाती. चकती हवेला मधूनच वर निसटू देत नाही, पात्यांकडे वळवते.

मग तीच जोरात फिरवावीत? १९५० मध्ये रश्टन आणि सहकाऱ्यांनी अशा पात्यांना किती शक्ती लागते याची मोजमापं प्रसिद्ध केली. खळाळत्या द्रवात वेग दुप्पट केला, की शक्ती आठपट लागते. शिवाय बुरशीचे धागे तुटतात आणि पेनिसिलिन घटू शकतं. सावकाश फिरवावं, तर धाग्यांनी दाट झालेला द्रव पात्यांजवळ तेवढा हलतो आणि कडेची बुरशी गुदमरते. म्हणूनच पुढे काही टाक्यांत खाली रश्टनची पाती आणि त्याच दांड्यावर वर, द्रव खाली ढकलणारी पंख्यासारखी पाती, अशी जोडी आली. एकानं बुडबुडे फोडायचे, दुसऱ्यानं सगळीकडे पोचवायचे.

आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तीही अशाच खोल टाक्यांच्या तंत्रावर. पेनिसिलिन म्हटलं, की शाळेपासून फ्लेमिंगची बुरशी लागलेली काचबशी आठवते. ती १९२८ सालची. अलेक्झांडर आजारी पडला तेव्हा तिला बारा वर्षं होऊन गेली होती. त्याच्यासाठी नव्हत्या त्या टाक्या, आणि त्यांत फिरणारी पाती.