सिकलसेल आजार : औषधोपचाराचा खर्च

सिकलसेल हा हिमोग्लोबिनमधील दोषामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांध्यांत असह्य वेदना उठतात. आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला तो ‘ग्रस्त’ (एसएस). एकाकडूनच आलेला ‘वाहक’ (एएस). वाहकाला सहसा औषधाची गरज नसते, त्यामुळे खर्चाचा विचार या भेदापासूनच सुरू करावा लागतो. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यात, आदिवासींबरोबरच इतर समाजांतही आढळतो.

उपचाराचा कणा म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळालेले हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे (एचबीएफ) प्रमाण वाढवते. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची पाळी त्यामुळे कमी होते. औषध जुने, जेनेरिक आणि तुलनेने स्वस्त आहे. दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेने ५० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पुरते. अडचण लहान मुलांची. पंधरा किलोच्या मुलाला त्याच हिशेबाने १५० मिलिग्रॅम हवे आणि गावाजवळच्या दुकानात मिळते ती ५०० चीच कॅप्सूल. ती घरी उघडून वाटून देणे धोक्याचे. मुलांसाठी कमी मात्रेच्या गोळ्या वा द्रवरूप औषध सरकारी पुरवठ्यात असलेच पाहिजे.

खरा बोजा औषधाच्या किमतीत नसून ते मिळवण्यात आहे. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटत नाहीत ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या मजुराला त्यासाठी जिल्हा रुग्णालय गाठायचे म्हणजे रोजी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. मग दुखणे थांबले की गोळी थांबते, पुढचा झटका रुग्णालयात नेतो आणि वाचवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा जातो. म्हणून तपासणी आणि महिन्याभराची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळणे, हाच खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे लक्ष्य २०४७ चे आहे. नव्या उपचारांपैकी, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी मान्य झालेल्या दोन जनुकोपचारांच्या किमती सुमारे २२ लाख आणि ३१ लाख डॉलर आहेत; आपल्याकडील रुग्णांना आज त्यांचा उपयोग नाही. सिकलसेलवरचे आणखी एक औषध, व्हॉक्सेलोटर, ते बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले.

हायड्रॉक्सियुरिया सरकारी केंद्रात मोफत मागावे. बाहेरून घ्यावे लागल्यास ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने चिठ्ठी लिहून घ्यावी. गरोदरपणाचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असल्याने पात्र रुग्णांनी दिव्यांगत्वाचा दाखला जरूर काढावा.