रोह्याची व पेणची खाडी : तोफांची जलवाहतूक

१. कुंडलिका नदी रोह्याजवळून वाहत येते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मध्ये समुद्राला मिळते. १७३९-४० मध्ये मराठ्यांनी रेवदंड्याला घातलेला वेढा आणि १७४० च्या तहाने ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीजांकडून त्यांच्याकडे येणे, हे नकाशा पुढे ठेवूनच वाचावे. पेणचे बंदर अंतोरे. तेथून भोगावतीने धरमतरच्या खाडीत उतरता येई. घाटावरून येणारे धान्य बैलांच्या पाठीवर चाले, पण वेढ्याची जड तोफ गाड्यावर चढवून खाजणातून ओढायची म्हणजे चाके चिखलात रुतलीच. पाण्यावर तीच तोफ मचव्याच्या तळाशी ठेवली की नीरमाचे, म्हणजे गलबत स्थिर ठेवणाऱ्या तळच्या वजनाचे, काम भागे. दारूला मात्र ओल चालत नसे.

वेळ ठरवी ती भरती. या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानाने निघतो : अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराचा सुमार, खाडीत आत त्याहून उशीर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढते, म्हणून भरलेले जड गलबत वर न्यायला उधाण गाठावे लागे. सेनापतींच्या पत्रांत दिसणारा विलंब पुष्कळदा आळसाचा मानला जातो. माझ्या मते तिथी पाहिल्याशिवाय तसा ठपका ठेवू नये. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत, समुद्रावरची ये-जा बंदच असे.

मुंबईकर इंग्रजांनीही १७७८ च्या अखेरीस पुण्यावर चाल करताना खाडी ओलांडून पनवेलची वाट धरली. त्यांच्या तोफांची खरी दमछाक पुढे बोरघाटात झाली.