गवाक्ष काळ (एच.आय.व्ही. चाचणी)

एच.आय.व्ही. या विषाणूचा शरीरात शिरकाव झाल्यापासून तो रक्तचाचणीत आढळू लागेपर्यंतच्या कालावधीस गवाक्ष काळ म्हणतात. रुग्णालयांत 'विंडो पिरियड' ही संज्ञाही रूढ आहे. या काळात संसर्ग झालेला असूनही चाचणीचा निकाल नकारात्मक म्हणजे निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून निकालाची विश्वसनीयता चाचणीचा प्रकार आणि संभाव्य संपर्कानंतर लोटलेले दिवस या दोन बाबींवर अवलंबून असते.

कारण

संसर्गानंतरचे पहिले सुमारे १० दिवस रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके अल्प असते की कोणतीही चाचणी सहसा तो ओळखू शकत नाही. त्यानंतर प्रथम विषाणूचे आर.एन.ए., मग पी-२४ हे प्रतिजन आणि शेवटी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आढळतात. जी चाचणी यांपैकी आधी प्रकटणारा घटक शोधते, तिचा गवाक्ष काळ कमी असतो.

चाचणीनुसार कालावधी

• न्यूक्लिक आम्ल चाचणी : १० ते ३३ दिवस
• शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केलेली प्रतिजन-प्रतिपिंड संयुक्त चाचणी : १८ ते ४५ दिवस
• बोटातील रक्तावरील संयुक्त जलद चाचणी : १८ ते ९० दिवस
• केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी : २३ ते ९० दिवस

यांतील पहिला आकडा संसर्ग ओळखला जाण्याची शक्यता केव्हापासून सुरू होते हे सांगतो, तर दुसरा आकडा जवळजवळ सर्व संसर्ग केव्हापर्यंत ओळखले जातात हे सांगतो.

निकालाचा अर्थ

नकारात्मक निकाल दुसऱ्या आकड्याइतके दिवस उलटल्यावरच निर्णायक मानला जातो. मात्र मधल्या काळात नवा संपर्क झालेला नसावा. उदाहरणार्थ, चौथ्या आठवड्यात केवळ प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक आली, तरी ३ महिने पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करावी लागते. एकाच चाचणीच्या सकारात्मक निकालावरूनही निदान पक्के होत नाही. भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी निश्चित केले जाते.

संसर्गानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या झपाट्याने वाढते. त्यामुळे निकाल नकारात्मक असतानाही ती व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते. या काळात निरोध वापरणे आणि रक्तदान टाळणे आवश्यक असते.

विशेष परिस्थिती

संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू केलेली व २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे संसर्ग टाळू शकतात. या औषधांमुळे प्रतिपिंडे उशिरा आढळण्याची शक्यता असल्याने पुनर्चाचणीच्या तारखा डॉक्टर ठरवून देतात. संसर्गित मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयापर्यंत बाळाच्या निदानासाठी थेट विषाणूचा शोध घेणारी चाचणी करतात.

भारतातील व्यवस्था

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजेच आय.सी.टी.सी.मध्ये, ही तपासणी विनामूल्य होते. तेथे समुपदेशक संपर्काचा दिनांक विचारून पुनर्चाचणी केव्हा करावी ते सांगतात. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, चाचणीपूर्वी संमती घेणे आणि निकाल गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.