आंग्र्यांचे आरमार जळाले नसते तर?

इतिहासात ‘जर-तर’ला जागा नाही, असे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. तरीही इतिहासाचा तास रंगला की विद्यार्थी नेमका जर-तरचाच प्रश्न विचारतात. आंजीसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातही हा प्रश्न हटकून निघतो: नानासाहेब पेशव्यांनी १७५६ साली इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले नसते, तर इंग्रजांचे राज्य आलेच नसते ना? वडील मंडळी तर हे प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणूनच सांगतात.

असा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. मात्र जी गोष्ट वेगळी घडली असे आपण कल्पितो, ती त्या काळच्या माणसांच्या आवाक्यात होती काय, हे आधी पाहिले पाहिजे. शिवाय ती बदलल्यावरही जे बदलले नसते, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. नाहीतर तो इतिहास राहत नाही, कुणाला तरी दोषी ठरवण्याची सोय होते.

प्रथम घडले काय ते पाहू. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर हल्ला केला, १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावे लागले. त्याही आधी, १६७९ साली, खांदेरीच्या पाण्यात शिवाजी महाराजांचे दर्यावर्दी सरदार दौलतखान यांनी इंग्रजांना असेच जेरीस आणले होते. उथळ पाण्यातून, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबते इंग्रजांच्या जड जहाजांच्या हाती लागत नसत. ही या किनाऱ्याची खरी विद्या. ती जातीपातीची किंवा धर्माची नव्हती. जो पाणी ओळखी त्याची होती.

कान्होजींच्या मागे मुलांत भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजीकडे, तर विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग आधी संभाजीकडे व पुढे तुळाजीकडे गेले. तुळाजी शूर, पण पेशव्यांना जुमानणारा नव्हता. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी त्याच्याविरुद्ध करार केला आणि एप्रिलच्या आरंभी जेम्स या इंग्रज सेनापतीने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी, अॅडमिरल वॉटसनची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत शिरली. आंग्र्यांची गलबते किल्ल्याच्या आसऱ्याने एकमेकांना बांधून उभी होती. एका जहाजावर पेटता गोळा पडला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सारे आरमार खाक झाले. ते पहिले पेटलेले जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून हिसकावून घेतलेले होते! दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जमिनीवरील तुकडीचा मुख्य होता रॉबर्ट क्लाइव्ह. पेशव्यांचे सैन्य आत शिरण्यापूर्वीच त्याने किल्ला अडवला आणि सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजी आधीच बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. तो तिथेच कैद झाला.

आता जर-तर. आरमार वाचणे शक्य होते काय? माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याला पुरावा आदल्या वर्षीचाच आहे. सुवर्णदुर्गापाशी जेम्सने आंग्र्यांच्या जहाजांचा पाठलाग केला, तेव्हा खलाशांनी ओझे समुद्रात फेकले, अंगावरची वस्त्रे आणि पागोटीसुद्धा शिडांसारखी वाऱ्यावर धरली आणि ते निसटले. जे एकदा साधले ते पुन्हा साधले असते. मुख्य धनी छावणीत अडकलेला आणि जहाजे एकमेकांना जखडलेली, हे काही अटळ नव्हते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह हे आंग्र्यांसाठी विलायतेहून आलेलेच नव्हते. क्लाइव्ह आला होता तो दक्षिणेत फ्रेंचांविरुद्ध लढण्यासाठी. पण इकडे इंग्रज-फ्रेंच तह झाल्याने ते सैन्य रिकामे बसले आणि मुंबईकरांनी ते विजयदुर्गाकडे वळवले. तो तह लांबला असता तर हे सैन्य कदाचित विजयदुर्गी दिसलेच नसते. तसेच, विजयदुर्गी मार खाऊन वॉटसनची जहाजे मुंबईच्या गोदीत डागडुजीसाठी अडकली असती, तर सिराजउद्दौलाने जून १७५६ मध्ये कलकत्ता घेतल्यावर मद्रासेहून तिकडे जाणारी मोहीम वेळेवर निघणे कठीण झाले असते. प्लासीची लढाई जून १७५७ मधली. इथपर्यंत आपले जर-तर पाय रोवून उभे राहते.

पुढे मात्र ते डगमगू लागते. आंग्र्यांची गलबते किनाऱ्याच्या पाण्यातली. बंगालच्या उपसागरात त्यांचा काय उपयोग? इंग्रजांची दोन जहाजे बुडाली तर चार नवी येत. मुंबईत गोदी होती, लवजी वाडियांसारखे निष्णात कारागीर होते. आंग्र्यांच्या घरात मात्र एक कर्ता पुरुष गेला की भाऊ भावावर तोफ डागी.

आणि शेवटी जमीन. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी मुंबईच्या इंग्रज फौजेला गुडघे टेकायला लावले. मग कुणी म्हणेल, तेव्हा आंग्र्यांचे आरमार मुंबईपुढे उभे असते तर! पण त्या वेळी इंग्रजांच्या मदतीला समुद्रातून कोणी आले नाही. गॉडर्डची फौज काल्पीच्या बाजूने निघून, नर्मदा ओलांडून, जमिनीवरून फेब्रुवारीत सुरतेला पोहोचली. वाटेत तिला अडवू शकणारे एक बलाढ्य घराणे होते नागपूरकर भोसल्यांचे. मुधोजी भोसल्यांना हेस्टिंग्जने आपल्या बाजूला ओढण्याची खटपट केली. ते उघडपणे मिळाले नाहीत, पण वाटही अडवली नाही. आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच भोसल्यांच्या राज्यात होता. तेव्हा या भागातल्या विद्यार्थ्यांनी विजयदुर्गाइतकाच नागपूरचाही जर-तर विचारून पाहावा. समुद्रावरची चूक सांगणे सोपे, कारण ती कोकणातल्या माणसांची असते.

मराठ्यांचे आरमार १७५६ लाच संपले, हेही पूर्ण खरे नाही. विजयदुर्ग काही महिन्यांनी पेशव्यांकडे आला आणि बाणकोट कायमचे इंग्रजांकडे गेले. पुढे त्याच विजयदुर्गाचे आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज झुंज देऊन पकडले. तोवर सालबाईचा तह होऊन गेलेला होता.