आंबट ढेकरांचा इतिहास : मिसळीवरचा आळ आणि पाच वर्षांचा जीवक

१/ नाशिकमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने छातीत जळजळते अशी तक्रार केली, की घरातून ठरलेले उत्तर येते : "आधी मिसळ बंद कर!" निदान तिथेच संपते. या तक्रारीचा इतिहास मात्र मिसळीहूनच काय, आपल्याकडच्या मिरचीहूनही जुना आहे.

२/ मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती १६व्या शतकात भारतात आली. त्याच्या कितीतरी आधी, इ.स. ७व्या-८व्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'माधवनिदाना'त अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील 'ऊर्ध्वग', म्हणजे वर चढणाऱ्या प्रकाराची लक्षणे अशी : कडू-आंबट ढेकर आणि घसा, छाती, पोट यांत दाह. आजच्या 'ॲसिड रिफ्लक्स'शी हे तंतोतंत एक नव्हे. पण ओळख पटते.

३/ चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत या व्याधीला स्वतंत्र अध्याय नाही. तो आहे काश्यपसंहितेत. हा ग्रंथ कौमारभृत्याचा, म्हणजे मुलांच्या आरोग्यशास्त्राचा.

४/ त्यात दिलेली कारणे वाचताना एखाद्या आजच्या विद्यार्थ्याची दिनचर्या डोळ्यांसमोर येते : आधीचे पचले नसताना पुन्हा खाणे, शिळे अन्न, उसाचे गोड पदार्थ, अतिउष्ण व आंबट द्रव, वेग अडवून धरणे, जेवताच दिवसा झोपणे.

५/ दृष्टान्त तर थेट स्वयंपाकघरातला आहे. दह्याच्या भांड्यात ओतलेले दूध जसे लगेच आंबते, तसे बिघडलेल्या कोठ्यात पडलेले अन्न आंबट होते.

६/ या ग्रंथाची जन्मकथा मननीय आहे. काश्यपांचे विस्तृत तंत्र ऋचीकपुत्र जीवकाने संक्षिप्त केले, तेव्हा तो अवघा पाच वर्षांचा होता. बालकाचे बोलणे म्हणून ऋषींनी ते स्वीकारले नाही. जीवकाने कनखल येथे गंगेत बुडी मारली आणि तो सुरकुत्या व पांढरे केस घेऊन वर आला. मग सर्वांनी मान्यता दिली. नाव पडले वृद्धजीवक.

७/ १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन भरले, ते आपल्या नाशिकला. मात्र तेव्हा जमलेल्या वैद्यांपुढे ही संहिता छापील रूपात नव्हती. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडील खंडित ताडपत्री पोथीवरून ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ मध्ये प्रकाशित झाली.

८/ पाश्चात्त्य वैद्यकातही उलगडा सावकाशच झाला. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. तेच आम्ल वर येऊन अन्ननलिकेला इजा करते, हे न्यूयॉर्कचे डॉ. ॲशर विंकेलस्टाइन यांनी मांडायला १९३५ साल उजाडले.

९/ आज यंत्रणा स्पष्ट आहे : अन्ननलिकेच्या तळाशी असलेली स्नायूंची झडप अवेळी सैल पडते. रात्री उशिरा भरपेट जेवून आडवे झाले, की आम्लाला वाट सोपी होते. मग झोपमोड, रात्रीचा खोकला, सकाळची मळमळ, न खाता गाठलेला क्लास, डब्याची आणि मैदानाची धास्ती. काहींना तिखटाने त्रास वाढतो हे खरे. पण सगळा दोष त्याचाच नव्हे. गिळताना अडकणे, उलटीत रक्त, घटणारे वजन यांपैकी काही दिसले, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

१०/ जीवकाला आपले म्हणणे पटवण्यासाठी म्हातारे व्हावे लागले. आपल्या घरातल्या दहावीच्या मुलावर ती पाळी येऊ नये. तो "जळजळतंय" म्हणाला, तर उपदेशाआधी एवढेच विचारावे : केव्हापासून? किती वेळा? झोप लागते का?