परिचारिकांचा तुटवडा

रुग्णांच्या मानाने प्रशिक्षित परिचारिका कमी असणे आणि आहेत त्याही सेवेत न टिकणे, अशी ही दुहेरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 2023 मध्ये जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका होत्या. आणखी 58 लाख हव्या होत्या. भारतात नोंदणी झालेल्यांची संख्या 33 लाखांच्या वर असली, तरी हजार लोकांमागे तीन परिचारिका असाव्यात ही अपेक्षा पूर्ण होत नाही. प्रत्यक्षात स्थिती याहूनही बिकट आहे, कारण राज्य परिचर्या परिषदांच्या नोंदवह्यांत निवृत्त झालेल्यांची, परदेशी गेलेल्यांची आणि व्यवसाय सोडलेल्यांचीही नावे तशीच राहतात. त्यामुळे केवळ महाविद्यालये वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. केंद्राने 2023 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेली 157 परिचर्या महाविद्यालये हवीतच. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलीला कायम नोकरी, पुरेसा पगार आणि झेपेल एवढ्याच रुग्णांची जबाबदारी मिळाली नाही, तर ती रुग्णालयात टिकेल कशी? महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका मे 2022 मध्ये संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीला त्यांचा विरोध होता. हा विरोध रुग्णांच्याही हिताचा होता.

तुटवड्याचे खापर स्थलांतरावर फोडले जाते. आखाती देश, ब्रिटन, जर्मनी भारतीय परिचारिकांना बोलावतात हे खरे. परंतु घराजवळ सन्मानाची नोकरी असती, तर यांतल्या अनेकजणी गेल्या नसत्या. पगारवाढीवरचा आक्षेप खर्चाचा. लहान रुग्णालयांना पगारवाढ जड जाते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खाटांच्या संख्येनुसार वेतनाचे टप्पे सुचवले आणि पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान 20 हजार रुपये द्यावेत, असे म्हटले. शिवाय परिचारिका कमी ठेवून वाचलेल्या पैशाची किंमत रुग्ण मोजतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या अमेरिकी अभ्यासात, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. एकाच रात्रपाळीत दोन वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियाने 2004 पासून परिचारिका-रुग्ण प्रमाण कायद्याने लागू केले. भारतीय परिचर्या परिषदेचे याबाबतचे निकष मात्र अजून शिफारशीच्याच पातळीवर आहेत.